नळाला बांधलेली तार

कडुबा मगरे हा आमच्या तीन गल्ल्यांचा वायरमन होता. हडको वसाहतीतल्या आमच्या बैठ्या घरांमध्ये एकही स्वयंपाकघर असं नसेल, ज्याच्या ओट्यावर उभं राहून त्याने भिंतीला छिन्नी लावली नाही. बुटका, काटक, खिशाला टेस्टर आणि खांद्याला तांदळाच्या गोणीची शिवलेली पिशवी. भिंतीवर आधी बोटाच्या पेराने टकटक करायचा, कान लावायचा, मग म्हणायचा, "हितून जाऊ." आपल्याशी बोलतोय की भिंतीशी, ते कळायचं नाही.

स्वयंपाकघरात शिरताना तो चपला दाराबाहेर काढायचा. विजेचं काम करणाऱ्याने अनवाणी काम करू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळे मला तर कळायलाच हवं होतं. पण घरात देव, ओट्यावर अन्न, आणि कडुबा हा कडुबा. चपला घालून ये, असं त्याला एकाही घराने म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. काही घरांत त्याचा चहा वेगळ्या पेल्यात यायचा आणि तो पेला खिडकीत उपडा ठेवला जायचा. त्याला ते दिसायचं. तो चहा पिऊन पेला स्वतःच विसळायचा आणि परत भिंतीला कान लावायचा.

ही घरं बांधली तेव्हा स्वयंपाकघरात एक दिवा आणि एक प्लग एवढंच होतं. मग लोकांच्या घरी वस्तू येत गेल्या. मिक्सर आला, फ्रीज आला, पाण्याचा फिल्टर आला, इंडक्शन आलं. मुलगी नोकरीला लागली की ओव्हन, मुलाचं लग्न ठरलं की डिशवॉशर. आमच्याकडे घरातली भरभराट मोजायची तर बँकेचं पासबुक बघायची गरज नाही, ओट्यावरचे बोर्ड मोजावेत. आणि प्रत्येक नवा बोर्ड कडुबाने बसवलेला. त्याच्या बोर्डातून कधी ठिणगी उडाली नाही की वायर वितळली नाही. ह्या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि तो रास्त होता.

आता तिसऱ्या भोकाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची मोठी पिन असते ती अर्थिंगची. उपकरणाच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर तिने माणसात न जाता हिरव्या तारेतून जमिनीत जावं, म्हणून ती. त्यासाठी अंगणात खोल खड्डा घ्यायचा, मीठ आणि कोळसा भरायचा, त्यात सळई पुरायची. आमच्याकडे खाली मुरूम, पहार टणकन् उडते. त्यात वर प्रत्येकाने अंगणात फरशा बसवलेल्या. फरशी फोडू द्यायला कुणीही तयार नसे. मग आमच्या भागातले सगळे वायरमन वर्षानुवर्षं जे करत आले तेच कडुबाही करायचा. ओट्याच्या नळाचा लोखंडी पाइप खरवडून हिरवी तार त्याला आवळून बांधायची. नळाचा पाइप जमिनीत जातो, जमिनीत सगळ्या गल्लीचं लोखंड पसरलेलं आहे, ह्याहून चांगलं अर्थिंग कुठलं? आणि खरंच, लोखंड होतं तोवर ते चाललं.

काही वर्षांपूर्वी आमच्या तिन्ही गल्ल्यांत पाण्याची नवी लाइन आली. महिनाभर चर खणलेले होते. आम्ही फळ्या टाकून घरात जात होतो. गंजलेले जुने पाइप उपसून काढले आणि काळे प्लास्टिकचे टाकले. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. कडुबा फळीवरून उड्या मारत माझ्याकडे फॅन दुरुस्तीला आला होता, त्यानेही बघितलं. प्लास्टिकमधून वीज जात नाही हे मी दरवर्षी मुलांकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं. पण त्या चराच्या काठावर उभी राहून मी फक्त एवढंच म्हटलं, की बरं झालं, आता गंजाचं पाणी येणार नाही.

माझ्या समोरचं घर काकासाहेबांचं. मूळचे वैजापूरकडचे, थोडी शेती तिकडे, मुलगा सुदर्शन शेंद्र्याच्या कंपनीत. सुदर्शनची बायको प्रेरणा घरीच केक करायला लागली होती. चांगले करायची. सुदर्शनने तिच्यासाठी एक जुना मोठा ओव्हन आणला, आणि एका प्लगवर सगळं भागेना म्हणून कडुबाला बोलावलं. त्याने एका दिवसात चार नवे पॉइंट काढले. ओव्हनला जाड वायर, फिल्टरला वेगळा पॉइंट, सगळं पट्टीत बसवून साफ. चारही पॉइंटच्या हिरव्या तारा त्याने जुन्या तारेला जोडल्या. ती जुनी तार वीस वर्षांपूर्वी त्यानेच नळाला बांधलेली होती. प्रेरणा मला बोलावून बोर्ड दाखवत होती. पांढऱ्या बटणांवर तिने छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, कुठलं कशाचं म्हणून.

आमच्याकडे नळाला पाणी सहा-सात दिवसांनी येतं. त्या दिवशी माणसं दुसरं काही करत नाहीत. टिपाडं, हंडे, बादल्या, अंगणातली टाकी, सगळं भरून घ्यायचं, कारण पुन्हा आठवडा. पाणी चालू असताना नळ सोडून कुणी हलत नाही. दारात पाहुणा आला तरी त्याला हाताने थांब म्हणतात. बाकीचे दिवस तो नळ कोरडा असतो, त्याला कुणी हातही लावत नाही.

त्या दिवशी अकराला पाणी आलं. प्रेरणाने ओव्हनमध्ये केक ठेवला होता. जमीन ओली, पाय उघडे. तिने ओट्याचा नळ धरला. अंगणात टिपाड भरत असलेल्या द्वारकाबाईंना, म्हणजे तिच्या सासूला, हंडा पडल्याचा आवाज आला. पोरगी दवाखान्यात पोचण्याआधीच गेली होती. एकतीस वर्षांची. तिची मुलगी श्रेया त्या वेळी शाळेत होती.

सगळ्यांनी ओव्हनला दोष दिला. जुना होता, आतून सडलेला होता. आणि ओव्हन आणला कुणी, तर सुदर्शनने. प्रेरणाचा भाऊ शिवराज वैजापूरहून आला तो डोळ्यांत राग घेऊनच. नवा घ्यायला काय झालं होतं, माझ्या बहिणीचा जीव स्वस्त होता का, असं तो सुदर्शनला सगळ्यांसमोर विचारत होता. दुसऱ्या दिवसापासून पोलिसांत जाण्याची भाषा सुरू झाली. सुदर्शन भिंतीला टेकून बसला होता. त्याला स्वतःलाही तेच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी काकासाहेबांनी कडुबाला बोलावलं. ओव्हन बघ आणि बाहेर नेऊन टाक म्हणाले. कडुबा आत तासभर होता. मग तो बाहेर आला, अंगणात मीटरशेजारी वाकला, नळाचा पाइप जमिनीत जातो तिथली माती बोटाने उकरली, आणि तसाच उकिडवा बसून राहिला. मी खिडकीतून बघत होते. थोड्या वेळाने तो माझ्या मागच्या दाराशी आला आणि पायरीवर बसला.

"बाई, नळात लाइट उतरलं व्हतं," तो म्हणाला. "ओव्हनमधून तारेत, तारेतून नळात. खाली पलास्टिक. जायाला जागाच नाय त्याला. ती पोरगी व्हती फक्त."

मी काही बोलायच्या आधी त्याने घरं मोजायला सुरुवात केली. त्याच्याकडे वही नव्हती. त्याला घरं ओट्यावरून आठवायची. काळ्या कडप्प्याचं, मोरपंखी टाइल्सचं, खिडकीत तुळस आहे ते. बोटं संपली की परत पहिल्या बोटावर यायचा. चाळीस घरं झाली तरी मोजणं संपेना. ज्या घरातलं एखादं उपकरण आतून सडेल, त्या घरात पाण्याच्या दिवशी नळ धरणारा माणूस जाणार. कुठलं उपकरण, कुठलं घर, कधी, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्याने माझ्या घरातली तार तिथल्या तिथे कापली. सगळ्यांत आधी माझं घर सुरक्षित झालं.

मग मी त्याला सल्ला दिला. तो सल्ला मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मी म्हटलं, कडुबा, तू कबूल केलंस तर तुला जिवंत ठेवणार नाहीत. तुझ्या वस्तीतल्या पोरांवर येईल, गल्लीत दोन तट पडतील, आणि गेलेली पोर काही परत येणार नाही. ओव्हनचा दोष म्हणतायत तर म्हणू दे. तू घरोघर जा, फुकट तपासणी करतोय म्हण, आणि गुपचूप तारा काढून टाक. शहाणपण होतं ते. आयुष्यभर ह्याच शहाणपणावर मी मुख्याध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना गप्प केलं होतं. सुदर्शनचं काय, असं कडुबाने विचारलं. मी म्हटलं, त्याचं निवळेल.

कडुबाने ऐकलं. मी बाई होते, त्याची मुलगी मेघा माझ्या हाताखाली दहावी झाली होती, आणि त्याला वाटायचं की शिकलेल्या माणसाला पुढचं दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून तो दारोदार फिरायला लागला. आणि त्याला कुणी आत घेईना. फुकट तपासणी म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर गेल्या. आजवर ह्या माणसाने एक होल्डरही फुकट बदलला नव्हता. एकीने सांगितलं, आत्ता पाहुणे आहेत. एकाने सांगितलं, काहीतरी विकायचं असेल, आम्हाला नको. आमच्या गल्लीतले पुंडलिकराव तर म्हणाले, चांगलं चाललेलं उकरायचं आणि मग पैसे मागायचे, असली सोंगं आम्हाला कळतात. फुकटचं औषध आणि फुकटचा सल्ला, आमच्याकडे दोन्हीला किंमत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर दारं उघडली असती, पण खरं कारण न सांगण्याचा शहाणपणा मी त्याला शिकवला होता. पाच दिवसांत त्याला सोळा घरांतच शिरता आलं.

मधली पाण्याची पाळी आली. त्या दिवशी कडुबा सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा होता. कुणाच्या घरातून हाक येते का, ऐकत होता. दुपारी पाणी गेलं तेव्हा पुंडलिकरावांची सून रूपाली बाहेर येऊन शेजारणीला सांगत होती, की नळाला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या, बादली फेकून दिली. ती हसत होती. कडुबाने ते ऐकलं, सायकल भिंतीला लावली आणि तिथेच खाली बसला.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला नाही. पुढचे दिवसही आला नाही. मला वाटलं, बरंय, शांत झाला.

प्रेरणाच्या तेराव्याला काकासाहेबांच्या अंगणात मांडव घातला होता. वैजापूरची माणसं आली होती आणि आमच्या तिन्ही गल्ल्यांतल्या घराघरातून कुणी ना कुणी जेवायला होतं. तेराव्याला जाणं टाळत नाहीत, भांडण असलं तरी. कडुबाने तोच दिवस निवडला. एकेका घरात त्याला कुणी घेत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी होतं. इथे सगळी घरं एका पंगतीत बसलेली होती.

तो धुतलेला सदरा घालून आला, बरोबर त्याची बायको भामाबाई. तिने त्याला अडवण्याचा प्रयत्न वाटेत केला असणार, तिचे डोळे सुजलेले होते. त्याने चपला मांडवाबाहेर काढल्या. काकासाहेब बुंदीची परात घेऊन वाढत होते. कडुबा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"ओव्हनचा दोष नाय. सुदर्शनभाऊचा तर अजिबात नाय. तार म्या नळाला बांधली व्हती. खालची लाइन बदलली ती म्या ध्यानात घेतली नाय. ज्यांच्या ज्यांच्या घरी माझं काम हाये त्यांनी उद्या पाणी यायच्या आधी मेन बंद करा. आणि नळाला बांधलेली हिरवी तार आजच तोडून टाका."

पंगत थांबली. काकासाहेबांनी परात खाली ठेवली. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुला कवापासून ठावं हाये?"

कडुबाला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "तिसऱ्या दिवसापासून."

माझा घास हातात होता. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. बाईंनी गप्प बसायला सांगितलं, एवढे चार शब्द. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला काय वाटलं ते सांगते, आता लपवून काय करू. मला हायसं वाटलं.

शिवराज पानावरून उठला आणि त्याने कडुबाच्या तोंडात मारली. मग आणखी दोघं उठले. भामाबाई मध्ये पडली तर तिलाही ढकललं. त्या वेळी कडुबाच्या जातीवरून जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ते शब्द काढले, त्यांतले दोघे माझे विद्यार्थी. कडुबाने हात वर केला नाही. तोंडाला रक्त आलेलं असताना तो घरांची नावं घेत होता. पुंडलिकराव, तुमच्याकडं आज काढा. जोशीकाका, तुमच्या बाथरूमातली पण. शेवटी सुदर्शन मध्ये आला. ज्याची बायको गेली तोच आडवा आला, म्हणून हात थांबले. पोलिसांना फोन शिवराजने केला.

पण त्या दुपारी तिन्ही गल्ल्यांत लोकांनी ओट्याखाली डोकी घातली. कुणी पक्कड घेतली, कुणी सुरी. मेन बंद करून, शिव्या देत, हिरव्या तारा तोडल्या गेल्या. तीसेक घरांत तोडल्या. पाच दिवसांत जे गोड बोलून झालं नाही, ते मार खाऊन तासाभरात झालं.

संध्याकाळी सातच्या सुमारास माझं मागचं दार वाजलं. भामाबाई होती. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, दंडाला माती. कडुबाला चौकीत बसवून ठेवलं होतं. तिला पाच मिनिटं भेटू दिलं, तर त्याने स्वतःबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"बाई, आवडाबाईचं घर राह्यलं म्हन्ले. त्या करमाडला लेकीकडं गेल्या व्हत्या, घराला कुलूप. आज यायच्या व्हत्या. मी गेले तर गल्लीतली माणसं मला हाकलतील. तुम्ही तेवढं सांगा. फ्रीज लई जुना हाये त्यांचा, म्हन्ले."

मी म्हटलं, जाते, तू घरी जा. तिने हात जोडले आणि ती कुंपणाच्या कडेकडेने निघून गेली.

आवडाबाई माझ्या ओळीत शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. पंच्याहत्तरीच्या, कानाने अधू. त्यांच्याकडे फोन नव्हता. मी गच्चीवर गेले आणि बघितलं, त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. म्हणजे त्या आल्या होत्या. आठ घरं. चालत गेले असते तर दोन मिनिटं.

मी गेले नाही. पाय दुखत होते, हे खरं आहे. दिवसभराचा उबग आला होता, हेही खरं आहे. पण खरं कारण ते नव्हे. त्या मधल्या आठ घरांच्या दारांत माणसं उभी राहून दिवसाचीच चर्चा करत होती. मी तिकडे गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, तुम्हाला कुणी सांगितलं? भामाबाई आल्या होत्या का तुमच्याकडे? का आल्या? असं विचारणं थांबत नाही, आणि ते शेवटी माझ्या मागच्या दाराच्या पायरीशी येऊन पोचलं असतं, जिथे मी तो सल्ला दिला होता. पाणी अकराला येतं, मी स्वतःला म्हटलं. सकाळी आठला जाऊन सांगू. सकाळी गल्ली रिकामी असते.

दुसऱ्या दिवशी पाणी साडेपाचला आलं.

मला जाग आली ती शेजारच्यांच्या पाण्याच्या मोटारींच्या आवाजाने. पहिली आठवण आवडाबाईंचीच आली, हे मी शपथेवर सांगते. मी उठले, चूळ भरली, आणि नळ सोडून बघितला. जोरात होतं. मागच्या पाळीला कमी आलं होतं, माझी टाकी अर्धी होती. मी पाइप लावला. मनात म्हटलं, एवढी टाकी भरली की जाते. आवडाबाई म्हातारी बाई, इतक्या लवकर कुठली उठतेय. मग टिपाड लावलं. मग दोन हंडे. ह्या गावात चाळीस वर्षं राहिल्यावर वाहत्या पाण्यापासून पाय निघत नाही. माझा नळ अगदी सुरक्षित होता, कडुबाने केलेला.

सहा वाजून गेल्यावर मी गेले. दार लोटलेलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, घागर भरून वाहत होती. मी मेन बंद केला, इतकं मला सुचलं. आवडाबाई ओट्याखाली होत्या. जाताना बंद करून ठेवलेला फ्रीज त्यांनी संध्याकाळी आल्याबरोबर चालू केला असणार.

गल्ली जमा झाली. मला कुणी विचारलंच नाही की तुम्ही इथे कशा. बाई आहेत, काही कामाला आल्या असतील. उलट मेन बंद केला म्हणून दोघींनी माझं कौतुक केलं.

पोलिसांनी दोन मृत्यूंचा गुन्हा कडुबावर लावला. पहिला चुकून झालेला, दुसरा माहीत असून न सांगितल्याचा, असं लोक म्हणायला लागले. पहिल्यासाठी कदाचित कुणी माफ केलं असतं. सुदर्शनने तर जबाबात सांगितलं होतं, की ह्या माणसाने स्वतःहून येऊन सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. पण दुसऱ्याला माफी नव्हती. म्हातारी, एकटी बाई, आणि हिचंच घर नेमकं सांगायचं राहिलं?

कडुबा जामिनावर सुटला तेव्हा मी त्याच्या वस्तीत गेले नाही. तोही आमच्या गल्लीत आला नाही. खटला वर्षाने उभा राहिला. तेराव्याच्या मांडवात हजर होते म्हणून साक्षीदारांत माझंही नाव होतं. मी कोर्टात बाकावर बसले होते. वकिलाने त्याला पढवलं होतं की काही कबूल करू नको, पण गुन्हा कबूल आहे का असं विचारल्यावर तो होय म्हणाला. न्यायाधीश समजूतदार बाई होत्या. त्यांनी त्याला सावकाश विचारलं, की आवडाबाईंच्या घराचा धोका तुम्हाला ठाऊक होता, मग तुम्ही कुणाकडून निरोप का दिला नाही?

भामाबाई माझ्यापासून तीन बाकांवर बसली होती. तिने मान वळवली नाही.

"ते घर ध्यानातच आलं नाय, साहेब," कडुबा म्हणाला. "कुलूप व्हतं. म्या इसरलो."

ज्या माणसाला चाळीस घरांचे ओटे रंगासकट पाठ होते, तो म्हणाला, मी विसरलो. मला उठून उभं राहायचं होतं. मी पदर नीट केला आणि बसून राहिले. त्याने गुन्हा कबूल केल्यामुळे साक्षीदारांची गरज पडली नाही. मला कुणी काही विचारलं नाही. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली.

बाहेर कोर्टाच्या आवारात मी भामाबाईला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनेच आधी बोलून घेतलं. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्यांनी मला सांगून ठिवलं व्हतं, बाईंचं नाव काढायचं नाय. अजून बऱ्याच घरात खड्डा झाला नाय, म्हन्ले. तारा तोडल्या, पण अर्थिंग कुठंय? नवा वायरमन येईल तो परत नळालाच बांधल. माझं कुणी ऐकायचं नाय आता. बाईंचं ऐकत्यात. बाईंचं नाव खराब झालं तर कोण सांगल लोकान्ला?"

एवढं बोलून तिने पिशवी उचलली. तिला हर्सूलच्या तुरुंगात भेटीचे दिवस कुठले, ते विचारायला जायचं होतं.

तेव्हापासून मी घरोघर जाते. कुणी नवा बोर्ड बसवला की मला कळतं. मी ओट्याखाली वाकते, नळाचा पाइप हाताने चाचपते, अंगणातल्या दोन फरशा काढायला लावते, खड्डा खोदून मीठ-कोळसा भरला जाईपर्यंत तिथून हलत नाही. फरशीवरून भांडते, रागावते. लोक ऐकतात. बाईंचा स्वभाव तापट असला तरी बाईंना कळवळा आहे, असं म्हणतात. आतापर्यंत सव्वीस घरं झाली आहेत. अजून राहिली आहेत.

आणि प्रत्येक घरात, खड्डा भरत आला की, चहा देता देता कुणीतरी म्हणतंच, "दोन जीव घेतले हो त्या कडुबानं. आवडाबाईचं तर सांगायचं पण विसरला." सगळे माझ्याकडे बघतात. त्या वेळी मी काही दुसरं बोलले तर पुढच्या घराचं दार माझ्यासाठी उघडणार नाही, हे मला ठाऊक असतं.

मी हो म्हणते.